कापणीआधी तणनाशक मारू का?

माघ सरत आला की पत्रांचा सूर बदलतो. थंडीत कपाशीच्या पऱ्हाटीचं आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं विचारणारी माणसं आता एकदम तणावर येतात. गहू पिवळा पडायला लागतो, दादर ज्वारीची पानं वाळून गळतात, उजेड खालपर्यंत पोहोचतो आणि चार महिने झाकलेलं सगळं दिसायला लागतं. या वेळची चारही पत्रं त्याच विषयाची आहेत, म्हणून एकत्र घेते. नावं मागच्यासारखीच छापत नाही, तालुका तेवढा देते.

प्रश्न : ताई, माझा सव्वादोन एकर गहू आणि तीन एकर दादर आहे. गव्हात हरळी आणि लव्हाळा, दादरच्या खोलगट भागात कुंदा. निंदणीला मजूर मिळत नाही आणि मिळाला तरी परवडत नाही. मुलाने मोबाईलवर कॅनडातला व्हिडिओ दाखवला. तिथे पिकलेल्या गव्हात मोठं यंत्र घालून ग्लायफोसेट नावाचं तणनाशक मारतात आणि आठ-दहा दिवसांनी कापणी करतात. तण मुळासकट जातं म्हणे. आमच्या गावचा दुकानदारही म्हणतो मारा, गहू एकसारखा वाळेल. कापणीला पंधरा दिवस आहेत. मारू का? (चोपडा तालुका)

उत्तर : भाऊ, मारू नका. तुमचा गहू माझ्या अंकाची वाट बघणार नव्हता, म्हणून हे फोनवर आधीच सांगितलं. पण हाच प्रश्न आणखी काही जणांनी विचारला आहे, तेव्हा इथे सविस्तर लिहिते. नुसतं नको म्हणून मला थांबायचं नाही. तुमच्या मुलाने जे पाहिलं त्यात शिकण्यासारखं खरोखर काही आहे.

व्हिडिओ खोटा नाही. कॅनडात, स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये ही पद्धत बऱ्याच वर्षांपासून आहे. तिथे आपल्या हरळीच्या चालीचं क्वॅकग्रास नावाचं गवत आहे, जमिनीखालून पांढऱ्या काशा पसरवत जाणारं. दुसरं एक काटेरी, खोल मुळाचं थिसल. दोन्ही बहुवर्षायू. वरून कापली की खालून पुन्हा फुटतात. अशा तणाचं खरं घर जमिनीखाली असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ग्लायफोसेट तिथे का चालतं ते बघा. हे रसायन पानातून आत जातं आणि झाड स्वतःची साखर जिकडे पाठवत असेल तिकडे तिच्याबरोबर जातं. तण कोवळं असताना साखर वर, नव्या पानांकडे चाललेली असते. त्या वेळी मारलं तर शेंडा जळतो, काशा जिवंत राहतात. फुलोरा येऊन गेल्यावर मात्र झाड पुढच्या हंगामाची बेगमी करायला लागतं. आपण सुगीत कणगी भरतो तसं ते काशांत आणि गाठींत अन्न भरतं. त्या दिवसांत मारलेलं औषध त्या अन्नासोबत थेट कणगीत जाऊन पडतं. तिथे ते झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं तयार होण्याची वाट बंद करतं आणि काशा आतून संपतात. जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या रसायनाचा तणनाशक गुण शोधला आणि १९७४ मध्ये ते बाजारात आलं. पानावर पडून मुळापर्यंत मारणारं असं औषध शेतकऱ्याच्या हातात क्वचितच आलं असेल, म्हणून ते जगभर पसरलं.

म्हणजे ‘पीक पिकत असताना तण खाली अन्न नेतं, तेव्हा मारा’ यातलं तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. फक्त आपल्या शिवाराला ती वेळ लागू पडत नाही.

कॅनडात गहू ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिकतो. त्या वेळी जमिनीत ओल असते, हवा थंडावत असते, तण हिरवंगार असतं. कापणीनंतर लगेच हिव पडतो, मग फवारायला दिवसच उरत नाहीत. म्हणून ते उभ्या पिकात मारतात. आपला गहू निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. शेवटचं पाणी तोडून तीन आठवडे झालेले असतात, जमीन भेगाळलेली असते, ऊन चढलेलं असतं. अशा तहानलेल्या हरळीची पानं आखडतात, त्यांवर धूळ बसते, आतली रसाची ये-जा मंदावते. औषध पानावर पडतं आणि बरंचसं तिथेच राहतं. तुम्हाला वरचं गवत पिवळं झालेलं दिसेल, दुकानदाराचं खरं वाटेल, आणि मृगाच्या पहिल्या पावसाला त्याच जागी तीच हरळी उभी असेल.

मागच्या आठवड्यात मी आमच्या अनेरकाठच्या शेतात खुरप्याने एक वीतभर जागा उकरून पाहिली. वर दिसत होती चार बोटं हरळी, टोकाला वाळलेली. खाली पेरापेराची काशी निघाली, बोरूसारखी, पांढरी पिवळसर, प्रत्येक पेराला एक अणकुचीदार डोळा. बोटाने मोडली तर कटकन तुटली आणि आत ओलसर होती. वीतभर जागेत मी अकरा तुकडे मोजले. त्याच्याशेजारीच लव्हाळ्याची माळ होती, काळ्या गाठींची, केसाएवढ्या दोऱ्याने एकमेकींना बांधलेली. गाठ नखाने फोडली की आत पांढरी, आणि वास नागरमोथ्याचा. घरात उटण्याला वापरतो तोच. वर मेलेलं आणि खाली असं जिवंत, हे ज्याने एकदा उकरून पाहिलं तो डब्यावरचं चित्र बघून फसत नाही. तुम्हीही उकरा. तुमच्या मुलाच्या हातात खुरपं द्या आणि त्यालाच मोजू द्या.

दुसरं कारण दाण्याचं. तिकडेही दाण्यातला ओलावा तीस टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय फवारत नाहीत. त्यांची शेतातली खूण सोपी आहे, दाण्यावर नख दाबलं तर वळ तसाच राहायला हवा. आपल्या ज्वारीत दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका येतो ना, तोच टप्पा. त्याआधी झाड दाण्यात साखर भरत असतं, म्हणजे औषधही दाण्यात भरलं जातं. तुमच्या मुलाने मला फोनवर सांगितलं, अर्धा गहू पिवळा आणि पाटाच्या कडेचा अजून हिरवा आहे. आपली रानं अशीच असतात, कुठे पाणी लवकर पोहोचलं, कुठे उशिरा. त्या हिरव्या पट्ट्यातला दाणा औषध पिऊन घरात येईल. शिवाय दुकानदार जे ‘गहू एकसारखा वाळेल’ म्हणतो, त्या कामासाठी, म्हणजे पीक वाळवून कापणीची वेळ साधायला, युरोपीय संघाने २०२३ मध्ये ग्लायफोसेटची मुदत वाढवताना मनाई केली. इटलीने कापणीआधीचा वापर २०१६ मध्येच थांबवला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘माणसात कर्करोग होण्याचा संभव’ या गटात टाकलं. दुसऱ्या काही देशांच्या नियामकांनी वेगळं मत दिलं. तो वाद शास्त्रज्ञ लढतील. माझ्यापुरतं मी एवढंच धरते, की ज्या दाण्याची भाकरी नातवंडांच्या ताटात जाणार आहे त्यावर कापणीच्या तोंडावर मी काहीही मारणार नाही.

तिसरं, कायद्याचं. आपल्या देशात ग्लायफोसेटची नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे. उभ्या गव्हाचं किंवा ज्वारीचं नाव लेबलावर नाही. त्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आणि तो विषय न्यायालयातही गेला. तेव्हा डबा घेण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जाऊन आज काय लागू आहे ते विचारा आणि घेतलाच तर पक्कं बिल घ्या. ‘चोर बीटी’, म्हणजे हे तणनाशक सोसणारी बेकायदा बियाण्याची कपाशी, गावागावात पोहोचल्यापासून हे औषध भाजीपाल्यासारखं विकलं जातं, पण नुकसान झालं की दुकानदाराचं तोंड बंद होतं आणि आपल्या हातात कागद नसतो.

आता करायचं काय.

गहू आणि दादर नेहमीप्रमाणे काढा. मळणी झाली की रान आठ दिवससुद्धा मोकळं ठेवू नका, खाली थोडी ओल आहे तोवर ट्रॅक्टरच्या पलटी नांगराने खोल नांगरट करून घ्या. उशीर झाला तर काळी जमीन दगड होते आणि नांगर वर वर पळतो. ढेकळं मोठी निघतील, निघू द्या, ती फोडू नका. ढेकळात अडकलेल्या काशा एप्रिल-मेच्या उन्हात भाजल्या जातात. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसला टेकतो ते ऊन आपल्याला एरवी छळतं, पण या कामाला त्याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही. लव्हाळ्याच्या वर आलेल्या गाठी दहा-पंधरा दिवस कडक उन्हात राहिल्या की सुकून मरतात. मेच्या शेवटी वखराच्या दोन पाळ्या आडव्या-उभ्या द्या आणि पासेला अडकून आलेल्या काशा वेचा. वेचलेल्या काशा बांधावर वाळवून जाळा. उकिरड्यात टाकू नका. उकिरड्यातली काशी मरत नाही, पुढच्या वर्षी शेणखताच्या गाडीत बसून ती शेतभर फिरते.

आणि रोटाव्हेटर घालू नका. यावर मी जरा जोर देऊन सांगते, कारण मी स्वतः हे भोगलं आहे. आमच्या विहिरीजवळ खळ्याएवढ्या जागेत हरळी होती. मला वाटलं बारीक तुकडे झाले की मरेल, म्हणून मे महिन्यात नांगरट टाळून रोटाव्हेटर मारला, आणि मागोमाग वळवाचा पाऊस झाला. प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक पेराला फूट आली. दुसऱ्या वर्षी तीच हरळी अर्ध्या एकरावर होती. लव्हाळ्याचंही तसंच. माळ अखंड असते तोवर पुढची गाठ फुटते आणि मागच्या झोपून राहतात. माळ तुटली की सगळ्याच जाग्या होतात. मी कॉलेजात हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, तरी घाईत विसरले. ते अर्धं एकर साफ करायला मला तीन उन्हाळे लागले.

कुंद्याला नांगरटही पुरत नाही. त्याची मुळं काळ्या जमिनीत हातभर खाली असतात. आमचे आजोबा वैशाखात सालदाराला घेऊन कुदळीने कुंदा खणायचे, सकाळी उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत, रोज एक पट्टा. तुमचा कुंदा खोलगट भागापुरताच आहे असं लिहिलंत, म्हणून अजून वेळ गेलेली नाही. त्या भागाला चार खुंट्या ठोका, तेवढाच खणून काढा आणि तिथलं पाणी निघायला चर द्या. कुंदा पाणी धरणाऱ्या जागी माजतो. सबंध तीन एकरांवर मजूर लावायचे नाहीत, त्या खुंट्यांच्या आत लावायचे. पैशाचा हिशेब तिथे बसतो.

आता तुमच्या मुलाच्या व्हिडिओतलं तत्त्व आपण कुठे वापरायचं ते सांगते. तुम्ही खरिपात काय घेता ते लिहिलं नाहीत. दादरच्या रानात खरिपात मूग किंवा उडीद घ्या, आपल्याकडची जुनी जोडी आहे. मुगाच्या शेंगा ऑगस्टच्या अखेरीस, सप्टेंबरच्या सुरुवातीला तोडून होतात. दादर पेरायला त्यानंतर बहुधा तीन-चार आठवडे मिळतात. जमिनीत भरपूर ओल, हरळीला तुरे आलेले, दिवस लहान व्हायला लागलेले. हरळी याच दिवसांत खाली अन्न नेते. कॅनडावाल्यांची जी ऑगस्ट-सप्टेंबरची खिडकी, तीच आपली. फरक एवढाच की आपल्याकडे त्या वेळी रान मोकळं असतं, दाण्याचा आणि कडब्याचा प्रश्नच उरत नाही.

त्या मोकळ्या रानात, नियम परवानगी देत असेल आणि तुम्हाला रसायन वापरायचंच असेल, तर ते वापरायची जागा ही. मूग काढताना हरळी छाटली गेली असेल तर तिला दोन आठवडे वाढू द्या. औषध पानातून शिरतं, पानच नसेल तर कशातून शिरणार? पाणी स्वच्छ घ्या. पाटाचं गढूळ पाणी अजिबात नको, हे औषध मातीच्या कणाला चिकटून तिथेच निकामी होतं. बोअरचं क्षारयुक्त पाणीही त्याचा जोर कमी करतं. त्यात आधी अमोनियम सल्फेट विरघळवून मग औषध टाकतात ते त्यासाठीच. मात्रा लेबलावरची, वारा पडलेली वेळ, आणि फवारणीनंतर सहा तास तरी पाऊस नको. मग दोन-तीन आठवडे रानाला हात लावायचा नाही. पान पिवळं दिसलं की आपल्याला वखर घालायची घाई होते. तेव्हा औषध वाटेत असतं आणि आपण वाटच तोडतो.

रसायन नको असेल तर तेच तत्त्व उलटं वापरा. हरळी किंवा लव्हाळा कापल्यावर पुन्हा फुटतो तो कणगीतलं अन्न खर्चून. तीन-चार पानं होईपर्यंत तो खर्चच करत असतो, त्यानंतर कमावायला लागतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी, कमावायला लागायच्या आत, वखर फिरवत राहा. एकदा जोरात निंदून महिनाभर विसरण्यापेक्षा ही चार हलकी वखरणी जास्त काम करते. आणि हरळीला सावली सोसत नाही. एका तुकड्यात मुगाऐवजी ताग दाट पेरून पाहा, फुलावर यायच्या आत गाडा. तागाखाली हरळी कशी पांढरी पडते ते स्वतः बघाल.

लव्हाळ्यासाठी एक गोष्ट वेगळी. हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल नावाचं तणनाशक लव्हाळ्यावर चांगलं चालतं आणि ते उसात आणि मक्यात लेबलवर आहे. गव्हाच्या त्या सव्वादोन एकरात एक वर्ष मका घेतलात तर पिकात राहूनच लव्हाळ्याला हात घालता येईल.

प्रश्न : ताई, आमच्या शेजारच्यांनी दादर कापायच्या आधी बारा दिवस तणनाशक मारलं. त्यांचा कडबा ते आम्हाला स्वस्तात देतात म्हणतात. दोन म्हशी आणि एक गाय आहे. घेऊ का? त्यांच्याकडूनच आम्ही बियाणंही घेतो, ते चालेल का? (अमळनेर तालुका)

उत्तर : ताई, कडबा घेऊ नका. फवारणी केलेल्या पिकाचा चारा किती दिवसांनी घालावा हा आकडा लेबलावर असतो, आणि इथे तो वापरच लेबलावर नाही, म्हणून आकडाही नाही. ज्याची मुदत कुणी ठरवलेलीच नाही ते गाभण म्हशीपुढे टाकू नये. दुधावर घर चालतं तिथे स्वस्त कडबा बघू नये. शेजाऱ्यांशी भांडू नका, पण त्यांना हे वाचून दाखवा. दादरच्या कडब्याला आपल्याकडे जो भाव येतो तो त्याच्या गोडीमुळे. घेणाऱ्याच्या मनात एकदा शंका आली की तो भाव गेला.

बियाण्याचं उत्तरही नाहीच आहे. कॅनडातसुद्धा बियाण्याच्या प्लॉटवर कापणीआधी ग्लायफोसेट मारत नाहीत. दाणा दिसायला टपोरा असतो, उगवताना मूळ आखूड, खुरटं निघतं. माल्टसाठी, म्हणजे मोड आणण्यासाठी बार्ली घेणारे खरेदीदारही असा माल नाकारतात, याच कारणाने.

शंका असेल तर घरी तपासा. गोणपाटाचा हातभर तुकडा भिजवून पिळा, त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, दुसऱ्या ओल्या तुकड्याने झाका, सैल गुंडाळी करा आणि सावलीत उभी ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा. पाचव्या-सहाव्या दिवशी उलगडा. नुसता मोड मोजू नका. मूळ सरळ, बोटभर लांब आणि पांढरं असलेलेच मोजा; आखूड, तपकिरी टोकाचे बाजूला काढा. ज्वारीचे पंचाहत्तर तरी धड निघाले पाहिजेत, प्रमाणित बियाण्याचा निकष तोच आहे. गव्हाला पंच्याऐंशी.

आणि ताई, त्या शेजाऱ्यांनी कळण्याच्या भाकरीसाठी घरात कोणती दादर ठेवली, ही की फवारणी न केलेल्या कोपऱ्यातली, हे एकदा विचारा.

प्रश्न : आमच्या गव्हात चांदवेल इतकी आहे की गव्हाला गुंडाळून वर आली आहे. हार्वेस्टरवाला म्हणतो, मशीन गुंतेल, एकरी जास्त घेईन. झटपट वाळवायला दुकानात पॅराक्वाट मिळतं. मारू का? (शिरपूर तालुका)

उत्तर : पॅराक्वाट घरात आणूच नका. ते लागेल तेवढंच पान जाळतं, मुळाकडे जात नाही, आणि चांदवेलीची मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात. तुम्ही वरचं जाळाल, मूळ हसत राहील. पण मी नको म्हणते त्याचं मोठं कारण वेगळं आहे. या विषावर उतारा नाही. एक घोट पोटात गेला तरी माणूस दवाखान्यात शुद्धीवर बोलत असतो आणि फुप्फुसं हळूहळू बंद पडतात. मी नोकरीत असताना अशा एका घरी बसून आले आहे. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं होतं. त्यापुढे मला लिहवत नाही.

या वर्षी एवढंच करा. जिथे वेल दाट आहे ते वाफे विळ्याने कापा, दोन दिवस पसरवून वाळवा आणि वेगळे मळा. बाकीच्यात हार्वेस्टर घाला. वेगळ्या मळलेल्या गव्हात वेलीचं काळं, तिकोनी बी येईल, तो गहू बियाण्याला ठेवू नका. ते बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. हार्वेस्टर तुमच्या शेतात शिरण्याआधी आधीच्या शेताचा भुसा आणि बी झटकून घ्यायला सांगा. ती यंत्रं गावोगाव फिरत येतात आणि तणही फिरवतात.

पुढच्या गव्हात पेरणीनंतर तीसेक दिवसांनी, वेल वीतभर असताना, मेटसल्फ्युरॉन मिथाईल लेबलप्रमाणे मारा. रुंद पानाच्या तणासाठी ते गव्हात मंजूर आहे. वीस टक्क्यांची पूड एकरी आठ ग्रॅम लागते. एवढीशी पुडी बघून हात सैल सुटतो, तसं करू नका. आपल्या चुनखडीच्या, विम्ल जमिनीत त्याचा अंश रेंगाळतो आणि पुढच्या पिकाला बाधतो. त्या वेळी एक फवारणी म्हणजे आज हार्वेस्टरवाल्याशी घालावी लागणारी हुज्जत वाचली.

प्रश्न : ताई, गव्हात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेल्या पंपाने मागच्या जूनमध्ये कपाशीवर कीटकनाशक मारलं. पंप धुतला होता. तरी पानं बारीक, चिरलेली झाली. दुकानदार नवा व्हायरस म्हणाला. खरं काय? (पारोळा तालुका)

उत्तर : जिभाऊ, व्हायरस नव्हता. नवीन पानं लांबट, हाताच्या बोटांसारखी फाटलेली, शिरा एकमेकींजवळ आलेल्या आणि शेंडा वाकडा, असंच होतं ना? ती टू-फोर-डीची खूण आहे. कपाशी या औषधाला इतकी हळवी आहे की पंपाच्या वॉशरमध्ये आणि नळीत राहिलेला अंशसुद्धा पुरतो. माझ्याही पाऊण एकर कपाशीचं एकदा असंच झालं होतं. मलाही रोगच सांगितला गेला आणि रोगाच्या नावावर दोन फवारण्या विकल्या गेल्या. खरी गोष्ट मला कळली ती ओळ बघून. पंपाच्या पहिल्या दोन टाक्या जिथे संपल्या तिथपर्यंतच पानं फाटलेली होती, पुढे कमी कमी होत गेली. रोग असा पंपाच्या टाकीप्रमाणे थांबत नाही. तुम्हीही आठवून बघा, फवारणी कुठून सुरू केली होती.

साध्या पाण्याने धुऊन हे जात नाही. तीन वेळा पाण्याने विसळा, मग धुण्याचा सोडा घातलेलं पाणी भरून थोडं नळीतून फवारा आणि बाकीचं रात्रभर पंपात ठेवा. सकाळी ते काढून पुन्हा दोनदा विसळा. वॉशर, जाळी आणि नोझल सोडून वेगळे धुवा. धुतलेलं पाणी पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नका, पडीक बांधावर लांब टाका. मी मात्र त्या वर्षानंतर एक जुना पंप तणनाशकाला कायमचा वेगळा काढला, त्याच्या टाकीवर तांबड्या रंगाने मोठी फुली मारली आणि तो गोठ्यात वेगळ्या खुंटीला टांगला. कपाशीच्या दिवसांत त्या खुंटीला कुणी हात लावत नाही. तुम्ही या जूनच्या आधी तेवढं करा, आणि कपाशीच्या शेजारी कुणी गव्हात किंवा मक्यात टू-फोर-डी मारणार असेल तर वारा कुठून आहे ते त्याच्याबरोबर बांधावर उभं राहून बघा.